हिंगोलीच्या काळ्या दगडापासून बिल्लसुरगमच्या गुहांपर्यंत

हाड जमिनीत टिकते ते चुन्याच्या आधाराने. जिवंत हाडाच्या वजनातला मोठा भाग कॅल्शियम फॉस्फेट या खनिजाचा असतो आणि उरलेला बहुतेक कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचा. जनावर मेले की प्रथिन जंतू फस्त करतात. खनिज मागे राहते, पण पालापाचोळ्यातून झिरपणारे आंबट पाणी त्यालाही सोडत नाही. शेताच्या बांधावर पडलेला बैलाचा सांगाडा काही उन्हाळे-पावसाळे गेल्यावर हातात घेतला तर चुरा होतो, तो यामुळेच. आजूबाजूच्या पाण्यात चुना विरघळलेला असेल तर मात्र उलटे घडते. प्रथिन गेल्याने मोकळी झालेली बारीक छिद्रे चुन्याने भरत जातात, हाड जड होते आणि दगडावर आपटले की खणखणते. सस्तन प्राण्यांचे जुने अवशेष जगभर चुनखडीच्या गुहांत इतक्या संख्येने सापडतात त्याचे कारण हेच. गुहेत ऊन नाही, पावसाचा मारा नाही, नांगर नाही, आणि छतातून ठिबकणारा प्रत्येक थेंब चुना घेऊन उतरतो.

हिंगोली जिल्ह्यात अशी गुहा नाही, आणि ती का नाही हे पायाखालचा दगडच सांगतो. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा बेसाल्टवर वसला आहे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत विहीर खणली की काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, हाच क्रम लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडून थरावर थर पसरलेला हा लाव्हा. औंढ्याचे देऊळ याच दगडाचे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरचे हत्ती याच दगडात कोरलेले. दुधाळ्याच्या माळावर गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी करायचे ठरले, त्यामागेही या जमिनीची स्थिरता हे एक कारण होते. अशा दगडाला पाणी झिजवते, फोडते, त्याची माती करते. चुनखडीसारखे विरघळवून त्यात दालने मात्र पाडत नाही. मराठीने या बाबतीत नेमके दोन शब्द ठेवले आहेत. माणसाने छिन्नीने कोरले ते लेणे, पाण्याने घडवली ती गुहा. मराठवाडा लेण्यांचा प्रदेश आहे.

तरीही चुना इथल्या जमिनीत आहे. बेसाल्टात कॅल्शियम भरपूर असते. दगड कुजून काळी माती होताना ते सुटे होते, पावसाळ्यात पाण्याबरोबर खाली उतरते आणि उन्हाळ्यात पाणी उडाले की पांढऱ्या खड्यांच्या रूपाने घट्ट होते. हळदीच्या रानात नांगराला खडखड लागणारे हे चुनखडीचे खडे वसमतकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या ओळखीचे. पूर्णेच्या किंवा कयाधूच्या दरडीत बारकाईने पाहिले तर तळाशी गोटे आणि वाळू, त्यावर पिवळसर गाळ, आणि गाळात या पांढऱ्या खड्यांच्या ओळी दिसतात. कुठे कुठे चुन्याने गोटे एकमेकांना असे घट्ट जोडलेले असतात की पहारीने सुटत नाहीत. दख्खनच्या नद्यांमध्ये मोठ्या जनावरांची जुनी हाडे टिकली ती अशाच गोट्या-वाळूच्या थरांत. गुहेचे काम इथे नदीच्या दरडीने केले.

हिंगोलीची पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. (विदर्भातली पूर्णा वेगळी, ती तापीची उपनदी आहे. दोघींच्या नोंदींची गल्लत होऊ नये म्हणून हे सांगणे आवश्यक आहे.) गोदावरीच्या गाळातले अवशेष अभ्यासकांना शंभराहून अधिक वर्षे माहीत आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर इथे मिळालेल्या प्रचंड हत्तीच्या कवटीवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी 1905 मध्ये लिहिले. हा हत्ती आजच्या हत्तीहून कितीतरी मोठा, सरळसर सुळ्यांचा, शास्त्रीय नावाने पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस. नर्मदेवरून त्याला हे नाव पडले. गोदावरीची दुसरी उपनदी मांजरा. लातूर जिल्ह्यात तिच्या काठच्या हारवाडी, गांजूर यांसारख्या गावांजवळच्या थरांतून हत्ती, रानबैल आणि पाणघोडा यांचे अवशेष मिळाले आहेत. उन्हाळ्यात जिथे टँकर येतो त्या मुलखात पाणघोडा होता, हे वाचणाऱ्याला खरे वाटत नाही. पण जबडा आणि सुळे आहेत, आणि पाणघोड्याचा जबडा दुसऱ्या कशाचा म्हणून खपत नाही.

नदीतल्या हाडाला एक मोठी अडचण असते. पुराने ते कुठून आणले हे कळत नाही. वीस हजार वर्षांपूर्वीचे आणि लाख वर्षांपूर्वीचे हाड एकाच पुरात उखडून एकाच वाळूत येऊन पडू शकते. वाहताना कडा घासतात, त्यामुळे त्यावर दातांच्या किंवा हत्याराच्या खुणा असल्या तरी पुसल्या जातात. शिवाय नदी लहान हाडे ठेवत नाही. हत्तीची दाढ टिकते. उंदराचा जबडा, वटवाघळाच्या पंखाचे काडीसारखे हाड, सशाची टाच हे सगळे वाहून जाते किंवा दळले जाते. आणि हवामानाची साक्ष देण्यात लहान प्राणीच अधिक उपयोगाचे असतात, कारण हत्ती शेकडो मैल चालतो, उंदीर आपले शिवार सोडत नाही. म्हणून मराठवाड्यातल्या नद्यांनी अर्धवट सांगितलेली गोष्ट पुरी करायची, तर गुहेपर्यंत जावे लागते.

महाराष्ट्रात चुनखडी आहे, आणि ती हिंगोलीच्या शेजारून वाहणाऱ्या नदीच्याच नावाने ओळखली जाते. पैनगंगा हिंगोलीची उत्तर-पूर्व सीमा आखत पुढे यवतमाळ-चंद्रपूरकडे जाते. तिथे बेसाल्टचे पांघरूण संपते आणि खालची फार जुनी चुनखडी उघडी पडते. भूवैज्ञानिक तिला पैनगंगा गट म्हणतात. कोरपना-राजुरा भागातले सिमेंट कारखाने त्या पट्ट्यातल्या चुनखडीवर चालतात. पण गुहेतल्या सस्तन प्राण्यांचा थरानिशी झालेला अभ्यास पाहायचा, तर दख्खनच्या पठारावर त्याचे खरे ठिकाण आणखी दक्षिणेला आहे. आंध्र प्रदेशात, जुन्या कर्नूल जिल्ह्यात आणि 2022 पासून नंद्याल जिल्ह्यात असलेल्या बेतमचेर्लाजवळच्या बिल्लसुरगम गुहा. पौषात मी हिंगोलीहून निघालो तो तिथे जाण्यासाठी.

हा प्रवास रेल्वेने करावा, कारण खिडकीतून दगड बदलताना दिसतो. हिंगोली, वसमत, पूर्णा, नांदेड इथपर्यंत सपाट माथ्याच्या काळ्या टेकड्या; त्यांच्या उतारावर लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे. उमरी, धर्माबाद मागे पडून बासरला गोदावरी ओलांडली की टेकड्यांचा आकार पालटतो. एकावर एक रचून ठेवल्यासारखे गोल, तांबूस-करड्या ग्रॅनाइटचे धोंडे दिसू लागतात. हीच लाव्ह्याची कड. तो जिथे पोचला नाही किंवा झिजून गेला, तिथला मूळ पाया इथे उघडा आहे. निजामाबाद, काचीगुडा, महबूबनगर, गदवाल असे करत कर्नूलला तुंगभद्रा ओलांडेपर्यंत हेच धोंडे सोबत करतात. डोण जंक्शनहून नंद्यालच्या फाट्याला गाडी वळली की तिसरा दगड सुरू होतो. करडे, पातळ, पाटासारखे सुटणारे थर. शेतांना काटेरी कुंपण नाही. उभ्या फरश्या रोवून बांध केलेले. बेतमचेर्ला स्टेशनाच्या आसपास फरश्या कापणाऱ्या यंत्रांचा आवाज आणि घरांच्या पत्र्यांवर पांढरी धूळ.

हा दगड मराठी माणसाला घरातून माहीत आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याला वर्षानुवर्षे बसवला गेलेला काळा कडप्पा याच खोऱ्यातला, आणि तोही चुनखडीच. ओट्यावर लिंबू चिरून तसेच ठेवले की त्या जागी चकाकी जाऊन फिका डाग पडतो. कितीही घासला तरी तो निघत नाही, कारण तो डाग नसून दगडच तेवढा विरघळलेला असतो. गुहा होण्याची क्रिया नेमकी हीच आहे, फक्त लिंबाच्या जागी पावसाचे पाणी. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते सौम्य आम्ल बनते, चुनखडीच्या फटीत शिरते, फट रुंदावते आणि लाखो वर्षांत तिचे दालन होते. पाणी दालनात ठिबकताना वायू सोडून देते आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होतो. छतापासून लोंबते झुंबर आणि जमिनीवर चढता सुळका तयार होतो, तर सपाट पसरला की पापुद्र्याचा थर. हाडांच्या अभ्यासाला झुंबरांपेक्षा हा पापुद्रा मोलाचा. तो मातीवर बसलेले झाकण असतो आणि त्याचे वय काढता येते. इथली चुनखडी स्वतः इतकी जुनी आहे की ती साचली तेव्हा पृथ्वीवर हाड असलेला प्राणीच नव्हता. दगड भांड्यासारखा, आतली माती आणि हाडे फार नंतरची.

बिल्लसुरगम या नावातला बिल म्हणजे गुहा आणि सुरगम हे स्वर्गम या शब्दाचे रूप मानले जाते. जागा तशी एका नजरेत कळत नाही. खुरट्या झुडपांच्या माळावरून चालत गेले की जमीन एकदम तुटते आणि समोर अरुंद, खोल घळ उघडते. मोठ्या गुहांचे छत कोसळून अशा घळी तयार झाल्या आहेत. उभ्या करड्या भिंती, मध्ये कुठे न पडलेल्या छताची कमान, आणि भिंतींच्या पायथ्याशी आत शिरणारी काळोखी तोंडे. इंग्रज अभ्यासकांनी या दालनांना कॅथेड्रल, चार्नेल हाउस, पर्गेटरी अशी नावे दिली आणि शास्त्रात तीच रुजली. आत शिरल्यावर पहिला जाणवतो तो वास, वटवाघळांच्या लेंडीचा, उग्र, डोळ्यांना झोंबणारा. मग थंडावा. जुन्या खोदकामांमुळे मातीच्या उभ्या कडा उघड्या आहेत. वर राखाडी भुसभुशीत थर, खाली लालसर तपकिरी चिकट माती, त्यात छतातून पडलेल्या दगडांचे तुकडे. तशा एका कडेत, मनगटाच्या उंचीवर, नखाएवढा पिवळट तुकडा बाहेर डोकावत होता. भिंगातून पाहिले तेव्हा त्याच्या तुटक्या टोकाला बारीक जाळी दिसली. दगडाला अशी जाळी नसते. खोदकामावरचे लोक शंका आली की तुकडा जिभेला लावून पाहतात. जुने हाड ओलावा शोषून जिभेला चिकटते, साधा खडा चिकटत नाही. तो तुकडा मी होता तिथेच राहू दिला.

या गुहांचा इतिहास दोन वेळा सुरू झाला. मद्रासच्या फौजेतले कॅप्टन न्यूबोल्ड यांनी 1844 मध्ये इथल्या हाडांचे टिपण प्रसिद्ध केले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे कोणी फिरकले नाही. 1883 मध्ये लंडनहून थॉमस हक्सली यांनी मद्रासचे गव्हर्नर ग्रँट डफ यांचे लक्ष या गुहांकडे वेधले आणि काम भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रॉबर्ट ब्रूस फूट यांच्याकडे आले. मद्रासजवळच्या पल्लावरमला 1863 मध्ये दगडी हत्यार ओळखून भारतीय अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात करणारे ते हेच फूट. प्रत्यक्ष खोदकामाचा मोठा भाग त्यांचा मुलगा, तोफखान्यातला लेफ्टनंट हेन्री ब्रूस फूट, याने 1884-85 मध्ये पार पाडला. हजारो हाडे निघाली. त्यांचे वर्णन रिचर्ड लायडेकर यांनी 1886 मध्ये केले. वाघ, बिबट्या, तरस, अस्वल, गेंडा, सांबर, चितळ, नीलगाय, काळवीट, चौशिंगा, चिंकारा, रानडुक्कर, साळिंदर, ससा, वानर, घूस, चिचुंद्री, वटवाघूळ अशी ती यादी. काही हाडे त्यांना आफ्रिकेतल्या जातींची वाटली; त्यांतल्या सगळ्या ओळखी पुढे टिकल्या नाहीत.

फूट पितापुत्रांना हाडांची हत्यारेही मिळाल्यासारखे वाटले, आणि हा प्रश्न बराच काळ लोंबकळत राहिला. टोकदार, घासलेले हाड माणसाने घडवले की जनावराने कुरतडले, हे डोळ्यांनी सहज ठरत नाही. जवळच्याच मुच्चट्ला चिंतामानु गवी या गुहेत एम. एल. के. मूर्ती यांनी केलेल्या खोदकामात मात्र हाडांची हत्यारे दगडी पात्यांसोबत मिळाली. तिथल्या भाजलेल्या मातीच्या चुलीचे वय सुमारे 17 हजार वर्षे निघाले. माणूस गुहेत राहत होता, आग पेटवत होता, हे तिथे पक्के झाले.

हाडे गुहेत येतात कशी, हा या शास्त्राचा पहिला प्रश्न आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही. गुहेतली यादी म्हणजे बाहेरच्या रानाची शिरगणती नव्हे. छतातल्या भगदाडातून पडून मेलेले जनावर असते. तरसाने ओढून आणलेले असते. घुबड दिवसभर कपारीत बसून उंदरांची हाडे आणि केस यांची गोळी ओकते. एकाच गोळीत तीन-चार जबडे अखंड मिळतात, आणि गुहेतल्या लहान प्राण्यांचा मोठा वाटा या एका पाखराचा असतो. साळिंदर हाडे गोळा करून बिळात नेते आणि आपले वाढते दात झिजवायला ती कुरतडते. त्याच्या दातांचे रुंद, सपाट, जोडीने जाणारे ओरखडे एकदा पाहिले की विसरत नाहीत. तरसाच्या सुळ्याचा वाटोळा खळगा पडतो आणि लांब हाडांची मऊ टोके खाल्लेली असतात. दगडी पात्याची खूण अरुंद, खोल आणि आत बारीक समांतर रेघा असलेली, तीही बहुधा सांध्याजवळ, जिथे मांस सोडवायला कापावे लागते. कुणी आणले हे कळल्याशिवाय काय आणले याला अर्थ येत नाही.

नंतर ओळख पटवणे. गुहेतली माती बारीक चाळणीवर पाण्याने धुतात, नाहीतर उंदराची दाढ, तांदळाच्या दाण्याहून लहान, मातीबरोबर निघून जाते. प्रत्येक तुकड्यावर दालन, थर आणि खोली यांचा क्रमांक लिहिला जातो. सगळ्यांत आधी दात पाहतात, कारण दाताचे कवच शरीरातला सर्वांत कठीण भाग आणि प्रत्येक गटाची त्यावरची नक्षी वेगळी. गाय-म्हैस-हरणांच्या दाढेवर चंद्रकोरी, डुकराच्या दाढेवर गाठी, घोड्याची दाढ उंच आणि चौकोनी, हत्तीची आडव्या पट्ट्यांची. उरलेल्या हाडांसाठी आजच्या जनावरांचे पूर्ण सांगाडे शेजारी ठेवून ताडून पाहावे लागते. असा तुलनेचा संग्रह महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. इनामगावसारख्या खोदकामांतली हाडे तिथेच ओळखली गेली, आणि गोदावरी-नर्मदेच्या जीवाश्मांवर काम केलेल्या जी. एल. बदाम यांचा भारतातील प्लाइस्टोसीन काळच्या प्राण्यांवरचा ग्रंथ 1979 मध्ये तिथूनच निघाला. मोजणीही दोन प्रकारे होते. एक म्हणजे ओळख पटलेल्या तुकड्यांची संख्या. दुसरी, निदान किती जनावरे असली पाहिजेत ही. डाव्या खालच्या जबड्याची शेवटची दाढ सात वेळा मिळाली तर नीलगाई सातहून कमी नसणार, मग तुकडे सत्तर असोत की सातशे.

वयाचा हिशोब सर्वांत नाजूक. रेडिओकार्बन पद्धत साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच चालते, तीही हाडात कोलॅजन उरले असेल तर. दख्खनच्या उष्णतेत ते क्वचितच उरते. म्हणून हाडाऐवजी त्याच्या वरखालच्या थरांचे वय काढतात. चुन्याच्या पापुद्र्यातल्या युरेनियमचे थोरियम किती झाले, यावरून काही लाख वर्षे मागे जाता येते. मातीतल्या गारगोटीच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले, हेही प्रकाशाच्या पद्धतीने मोजता येते. बेसाल्टच्या मुलखात हे कण मुळातच कमी, त्यामुळे हिंगोली-परभणीच्या गाळाला ही पद्धत लावणे अवघड जाते. कर्नूलकडच्या वाळूत त्यांना तोटा नाही. बेतमचेर्लाहून फार दूर नसलेल्या ज्वालापुरममध्ये सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख जाड थराने साचली आहे. हा स्फोट सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीचा. त्यामुळे त्या परिसराच्या इतिहासात कालगणनेची एक ठळक रेघ आयती ओढलेली आहे.

या शतकात रवी कोरिसेट्टर, मायकेल पेट्राग्लिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिल्लसुरगमला पुन्हा खोदकाम केले, या वेळी थराथराचे वय काढत. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने मला हा प्रवास करायला लावले. ओळख पटलेल्या 21 सस्तन प्राण्यांपैकी 20 निदान एक लाख वर्षांपूर्वीपासून आजपर्यंत या उपखंडात टिकून आहेत. काहींचा माग दोन लाख वर्षांपर्यंत लागतो. आशियातून नाहीसे झाले ते एकच, आज इथिओपियाच्या डोंगरांत राहणाऱ्या गेलाडा माकडाचे नातेवाईक. या काळात हिमयुगाची थंडी-कोरड आली, टोबाची राख पडली, माणूस आला आणि वाढला. युरोप-अमेरिकेत तेवढ्या काळात मोठ्या प्राण्यांची रांगच्या रांग संपली. इथे बहुसंख्य तगले. त्यांचे प्रदेश आक्रसले, तुकड्यातुकड्यांनी उरले, पण एका रानातून हटले तरी दुसऱ्या रानात राहिले.

नद्यांच्या गाळातून मिळणारी बाजू याला जोडून पाहिली पाहिजे. भारतातूनही काही मोठे प्राणी कायमचे गेले: पॅलिओलॉक्सोडॉन हत्ती, स्टेगोडॉन हा हत्तीचा दूरचा नातेवाईक, भारतीय पाणघोडा, नर्मदेच्या नावाचा रानघोडा. अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांच्या 2021 च्या अभ्यासात हीच चार नावे आहेत. सगळे भारदस्त, सावकाश वीण असलेले. जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला एस. ए. साळी यांना सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीची, कोरीव रेघा असलेली शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली. तो पक्षीही आता भारतात नाही. नदीने मोठ्यांची हाडे ठेवली, म्हणून नदीत पाहणाऱ्याला नाश ठळक दिसतो. गुहेने लहानमोठ्या सगळ्यांची ठेवली, म्हणून तिथे चिकाटी दिसते. कुठलीही एकच बाजू पाहून दख्खनच्या प्राण्यांचा इतिहास लिहिला तर तो चुकेल.

परतीच्या गाडीत कळमनुरीचे एक शेतकरी भेटले. तुरीत रोही शिरतात, रात्रभर राखण करावी लागते, हे ते सांगत होते. रोही म्हणजेच नीलगाय, बिल्लसुरगमच्या यादीतली. पिकाचे नुकसान खरे आहे आणि त्याची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, यात दुमत नाही. पण हे जनावर उपरे नाही, इतके गुहेतली माती ठामपणे सांगते.

हिंगोलीत पूर्णा, कयाधू, पैनगंगा या तिन्ही नद्यांच्या दरडी वाळूउपशाने आणि पुराने दरवर्षी नव्याने तुटतात. विहिरी, शेततळी, पुलांचे पाये यांसाठी चुन्याने जोडलेले गोटे फोडले जातात. त्यात जड, खणखणणारे, जिभेला चिकटणारे हाड किंवा आडव्या पट्ट्यांची वितभर दाढ लागली, तर ती उपसून घरी नेऊ नये, पाण्याने धुऊ नये, देवळात शेंदूर लावून ठेवू नये. जागेवर असतानाच फोटो घ्यावा. शेजारी मापासाठी काडेपेटी ठेवावी. दरडीच्या माथ्यापासून किती हात खाली आहे, वरचा थर कसला, खालचा कसला, शिवार कोणते, हे लिहून ठेवावे, आणि तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजाला कळवावे. थर माहीत असलेला एक दात थर माहीत नसलेल्या गोणीभर हाडांपेक्षा अभ्यासाला अधिक उपयोगी पडतो.